करंगळीशी घट्ट, टाचेशी सैल: एका वनरक्षकाच्या नव्या बुटांचे प्रकरण

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ऊन उतरू लागल्यावर, 23-24 वर्षांची एक मुलगी साताऱ्यातील माझ्या पादत्राण-दुरुस्तीच्या दुकानात आली. तिच्या पायांत रबरी चप्पल होती आणि हातातल्या पिशवीत तपकिरी कातड्याचे, घोट्याच्या वर येणारे नवे बूट होते. तिची वनरक्षक म्हणून निवड झाली होती आणि तिला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातील एका नियतक्षेत्रावर, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, जूनच्या सुरुवातीला रुजू व्हायचे होते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये झालेल्या या प्रकल्पात गस्त पायीच घालावी लागते. जांभ्याच्या सड्यांवरून आणि निसरड्या उतारांवरून दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणे तिथे नेहमीचे असल्यामुळे बूट ही तिच्या दृष्टीने हौसेची वस्तू नव्हती. तिने ते स्वतःच्या पैशाने घेतले होते, एकदा गावाबाहेर घालून नऊ किलोमीटर चालली होती आणि दोन्ही टाचांना व डाव्या करंगळीला फोड घेऊन परतली होती.

"काका, बूट चावतात. ताणून द्या," एवढीच तिची मागणी होती. नेमके कुठे चावतात असे विचारल्यावर "सगळीकडेच" असे उत्तर आले. माझ्या वडिलांच्या काळापासून या दुकानात हेच उत्तर ऐकू येत आले आहे आणि ते खरे निघाल्याचे मला आठवत नाही. बूट चावतो तो नेहमी दोन-तीन ठरावीक जागी, आणि प्रत्येक जागेचे कारण निराळे असते. ते न शोधता संपूर्ण बूट ताणला, तर जिथे घट्ट आहे तिथे थोडा फरक पडतो आणि जिथे आधीच सैल आहे तिथे तो आणखी सैल होऊन नव्याने चावू लागतो. म्हणून मी त्या दिवशी बूट ताणायला घेतले नाहीत, आधी पाय पाहिले.

पाय पाहण्यासाठी संध्याकाळची वेळ चांगली, कारण दिवसभर उभे राहून आणि चालून पाऊल थोडे फुगलेले असते आणि गस्तीवरही ते तसेच असणार असते. कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन तिला उभे केले आणि पेन्सिल सरळ धरून पावलांच्या कडा काढल्या. डावे पाऊल 243 मिलिमीटर लांब निघाले, उजवे 239. दोन पावलांत चार-पाच मिलिमीटरचा फरक असणे ही मुळीच अनोखी गोष्ट नाही, पण बूट नेहमी मोठ्या पायाला लावून पाहायचा असतो हे दुकानात क्वचितच सांगितले जाते. तिनेही घेताना फक्त उजवा बूट घालून पाहिला होता.

त्यानंतर बुटातला इनसोल, म्हणजे पावलाखालचा आतला सुटा तळ, बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर तिला उभे केले. घरच्या घरी कोणालाही करता येण्यासारखी ही परीक्षा आहे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची आहे. अंगठ्याच्या पुढे सुमारे 11 मिलिमीटर जागा उरली होती, म्हणजे लांबी पुरेशी होती. उतारावर पाऊल पुढे घसरते तेव्हा बोटे समोरच्या टोकावर आपटू नयेत यासाठी एवढी जागा लागतेच. ती नसती तर मी बूट परत करायला सांगितले असते, कारण लांबी ताणून मिळत नाही. पुढच्या टोकाखाली टो पफ नावाचा ताठ थर असतो, खाली तळ शिवलेला किंवा चिकटवलेला असतो, आणि ओढून तिथे फार तर शिवण उसवते.

रुंदीचे चित्र वेगळे होते. चवड्याच्या सर्वांत रुंद भागी डाव्या पायाची कड करंगळीच्या बाजूने इनसोलच्या बाहेर जवळजवळ सहा मिलिमीटर आली होती, उजव्याची चार. पाऊल इनसोलबाहेर थोडे येणे स्वाभाविक असते, कारण वरचे कातडे बाहेरच्या बाजूला फुगीर बसवलेले असते, पण सहा मिलिमीटर फार झाले. टाचेकडे नेमके उलट होते. तिची टाच अरुंद होती आणि दोन्ही बाजूंना इनसोलची कड मोकळी दिसत होती. पुढे घट्ट आणि मागे सैल असा हा बूट होता आणि तिचे तिन्ही फोड या एका वाक्यात येत होते. करंगळी दाबली जात होती म्हणून तिथला फोड, आणि टाच प्रत्येक पावलागणिक वर-खाली सरकत होती म्हणून मागचे दोन.

असे का झाले हे समजण्यासाठी बूट कशावर घडवला जातो हे पाहावे लागते. कारखान्यात प्रत्येक बूट फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून बसवलेला असतो आणि हा जोड पुरुषांच्या फर्म्यावर घडवलेला होता. स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने पुरुषांपेक्षा साधारणपणे अरुंद असते, त्यामुळे पुरुषी फर्म्याचा बूट त्यांच्या टाचेला सैल पडतो. त्यात ही मुलगी पाटण तालुक्यातल्या डोंगरी वाडीत वाढलेली, दहावीपर्यंत बहुतेक अनवाणी किंवा चपलेत वावरलेली. सतत बंद बुटांत न वाढलेले पाऊल पुढच्या बाजूला पसरट होते ही गोष्ट जुन्या कारागिरांना ठाऊकच होती, आणि दक्षिण भारतातील अनवाणी चालणाऱ्या लोकांवर झालेल्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही अशी पावले अधिक रुंद असल्याचे आढळले. आपल्याकडे बुटांवर जो नंबर छापलेला असतो तो मुळात ब्रिटिश मापाचा. त्या मापात रुंदीसाठी वेगळी अक्षरे आहेत, पण आपल्या दुकानांत रुंदी विचारून बूट मिळत नाही, फक्त नंबर मिळतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली. भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पावलांपेक्षा रुंद असतात हे त्या पाहणीचे एक मुख्य निरीक्षण होते. माझ्या गिऱ्हाइकांची पावले पाहता ते मला पटते.

दुकानदाराने तिला "एक नंबर मोठा घ्या" असे सुचवले होते आणि तिने ते ऐकले नव्हते. माझ्या मते तिने योग्य केले. ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि चवड्याचा घेर सुमारे सहा मिलिमीटर वाढतो. करंगळीला आराम मिळाला असता, पण टाच आणखी सैल झाली असती. शिवाय बूट जिथे वाकायला हवा ती रेषा चवड्याच्या सांध्याखाली न येता पुढे सरकली असती. त्या रेषेवर पाऊल आणि बूट यांचे जुळत नसेल तर बूट कितीही जुना झाला तरी तो पायाशी भांडतच राहतो.

माझ्याकडे येण्याआधी तिने तीन उपाय करून पाहिले होते आणि त्यांतला एक बुटाला कायमचा भोवला.

पहिला उपाय आजीचा. बूट आतून-बाहेरून एरंडेल तेलाने माखून दोन दिवस ठेवले होते. आजीचा सल्ला खोटा नव्हता, तो फक्त दुसऱ्या पायताणाचा होता. कोल्हापुरी पायताणाचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा अशा वनस्पतींनी पक्के केलेले असते. ते जाड, ताठ आणि तेल पिणारे असते, त्यामुळे नव्या कोऱ्या कोल्हापुरीला तेल पाजून मऊ करणे ही आपल्याकडची जुनी आणि रास्त रीत आहे. आजच्या बहुतेक बुटांचे कातडे मात्र क्रोमच्या क्षारांनी पक्के केलेले असते, त्यात कारखान्यातच स्निग्धांश घातलेला असतो आणि वर रंगाचा पातळ लेप दिलेला असतो. अशा कातड्याला तेलात बुडवले तर त्याचे तंतू ढिले पडतात, कातडे पोकळ आणि लिबलिबीत होते, बूट आकार धरत नाही आणि शिवणीचा दोराही कालांतराने कमजोर होतो. तिच्या बुटांचा अपर, म्हणजे तळाच्या वरचा कातडी भाग, हाताला चिकट लागत होता आणि त्यांना वास येत होता.

दुसरा उपाय मैत्रिणीने मोबाइलवर पाहून सांगितलेला: प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती बुटात ठेवायची आणि बूट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, तेव्हा कल्पना निराधार नाही. पण वाढणारा बर्फ जिकडे वाट सापडेल तिकडे जातो, आणि बुटात सर्वांत मोकळी वाट वर, घोट्याच्या तोंडाकडे असते. करंगळीच्या शेजारच्या अर्ध्या इंचाच्या जागेवरच दाब पडावा असे बर्फाला सांगता येत नाही. तिच्या बुटाचा घोट्याकडचा भाग थोडा पसरला होता आणि चवडा जसाच्या तसा होता.

तिसऱ्या उपायाने नुकसान झाले. फ्रीजरमधून काढलेला डावा बूट ओला दिसला म्हणून तो रात्री चुलीशेजारी ठेवला गेला. कातडे हे मुळात प्राण्याच्या त्वचेतील कोलॅजनच्या तंतूंचे विणकाम आहे, आणि ओल्या अवस्थेत त्याला पुरेशी उष्णता लागली की ते तंतू आखडतात. वनस्पतींनी पक्के केलेले कातडे ओले असताना 75 ते 85 अंश सेल्सिअसच्या आसपास आखडते. क्रोमचे कातडे 100 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते, पण तितकी उष्णता लागली नाही तरी झपाट्याने वाळवल्यामुळे ते ताठ आणि ठिसूळ होतेच. डाव्या बुटाच्या टाचेच्या वरच्या कडेला, जिथे कातडे वाकते तिथे, एक बारीक भेग पडली होती. ती दिसायला किरकोळ होती, पण भेग पडलेले कातडे पूर्वीसारखे होत नाही, हे मी तिला तेव्हाच सांगितले.

पहिले आठ दिवस उपचार फक्त पायांचा होता. टाचेवरचे दोन फोड अजून फुटलेले नव्हते, ते तसेच राखले, करंगळीवरचा फुटलेला फोड स्वच्छ धुऊन झाकला आणि बूट बंद. फोड भरण्याआधी बूट घालून "सवय" करू पाहणारे पुष्कळ लोक येतात. त्या सवयीतून पायाला घट्टा पडतो किंवा पुढे कुरूप होते, बूट मात्र तसाच राहतो. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो: मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी हे पुढचे काहीही करू नये. त्यांना बूट चावल्याचे कळतच नाही आणि लहान जखमही त्यांना महागात पडते.

दरम्यान बुटांतले जास्तीचे तेल काढले. आत वर्तमानपत्राचा कागद घट्ट भरून तो रोज बदलला, बाहेरून टाल्कम पावडर चोळून रात्रभर ठेवली आणि सकाळी झटकली. चार दिवसांत चिकटपणा गेला, वास थोडा राहिला.

मग फर्मा. माझ्याकडे लाकडी, दोन फाळींचा, मागे स्क्रू असलेला फर्मा आहे. स्क्रू फिरवला की पुढच्या दोन फाळी एकमेकींपासून दूर जातात. फाळीला ठिकठिकाणी भोके आहेत आणि ज्या जागी फुगवटा हवा तिथे लाकडी गोटी बसवता येते. डाव्या बुटासाठी करंगळीच्या सांध्याशी एक गोटी बसवली, उजव्याला बसवली नाही. त्या जागी आतून पाणी आणि स्पिरिट सारख्या प्रमाणात मिसळून फवारले, फक्त तेवढ्याच जागी, कातडे दमट होईल इतके. ओले कातडे ताणले आणि ताणलेल्या अवस्थेत पूर्ण वाळू दिले, तरच ते नवा आकार धरते. कोरडे ताणून लगेच सोडले तर रबरासारखे मागे येते. सारी क्रिया या एका तत्त्वावर उभी आहे. फर्मा बुटाला आतून नीट टेकेपर्यंत स्क्रू फिरवला, त्यानंतर आणखी अर्धा फेरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दमट करून अर्धा फेरा, तिसऱ्या दिवशी पाव. त्यापुढे दोन दिवस सावलीत, पंख्यापासून आणि उन्हापासून दूर, फर्मा आत ठेवूनच वाळवले. घाई करणाऱ्याचा हात पहिल्याच दिवशी तीन-चार फेरे देतो आणि कातडे वेल्टच्या, म्हणजे अपर आणि तळ जोडणाऱ्या पट्टीच्या, शिवणीपाशी फाटते. असे फाटलेले जोड माझ्याकडे दर वर्षी येतात.

फर्मा काढला तेव्हा डाव्या बुटाचा चवड्यापाशीचा घेर सहा मिलिमीटरने वाढलेला होता आणि दुसऱ्या दिवशी तो चारवर स्थिरावला. उजव्याचा तीनवर. क्रोमचे कातडे थोडे मागे येतेच, हे गृहीत धरूनच हव्या असलेल्या मापापेक्षा थोडे जास्त ताणावे लागते.

पण या प्रकरणातला सर्वांत मोठा आराम फर्म्याने दिला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो इनसोल बदलल्याने मिळाला. मूळ इनसोल सहा मिलिमीटर जाड फोमचा होता, दुकानात पाय घातल्याबरोबर मऊ वाटावा म्हणून घातलेला. मऊपणाच्या बदल्यात तो बुटातली उंचीची जागा खात होता आणि पाऊल वर उचलून अपरवर दाबत होता. मी तो काढून दोन मिलिमीटर कातड्याचा पातळ तळ घातला. मात्र सबंध इनसोल काढला असता तर टाचेची मोकळीक आणखी वाढली असती, म्हणून जुन्या फोमचा मागचा अर्धा भाग रापीने, म्हणजे कातडे कापायच्या हत्याराने, तिरका कापून कातड्याच्या तळाखाली टाचेपाशी सोल्यूशनने चिकटवला. पुढे चार मिलिमीटर जागा मोकळी झाली आणि मागे जवळपास होती तशी राहिली. या कामाला अर्धा तास लागला. पाच दिवस फर्म्यावर घालवून जे मिळाले त्याहून हे मला जास्त मोलाचे वाटते, जरी गिऱ्हाइकाला फर्म्याचेच अप्रूप वाटते.

टाचेच्या मागे अपरच्या आत काउंटर नावाचा ताठ तुकडा असतो. तो मऊ करून द्या असे लोक सांगतात, पण तो मऊ केला तर टाचेला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. मी फक्त त्याची वरची धार, जिथे ती टाचेवर घासत होती, हातोडीच्या लाकडी दांड्याने आतून हळूहळू दाबून गोलसर केली. टाच सरकू नये याचे काम नाडीने केले. घोट्याच्या सर्वांत वरच्या दोन भोकांत नाडी आडवी न ओवता त्याच बाजूच्या पुढच्या भोकात वर घेऊन एक छोटा फासा करायचा, विरुद्ध बाजूची नाडी त्या फाशातून ओवायची आणि मगच ओढून गाठ मारायची. त्यामुळे टाच मागे दाबून बसते आणि चवड्यावरची नाडी मात्र सैल ठेवता येते. ही गाठ तिला तीनदा बांधून दाखवावी लागली. चौथ्यांदा तिने माझ्यापेक्षा चांगली बांधली.

मोज्यांच्या बाबतीत तिची समजूत जाड सुती मोजे चांगले अशी होती. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि दमट त्वचेवर घर्षण वाढते. फोड हा वरवर घासल्याने कमी आणि त्वचेच्या आतल्या थरांची एकमेकांवर ओढाताण झाल्याने जास्त येतो. आत पातळ कृत्रिम धाग्याचा आणि बाहेर लोकरीचा असे दोन मोजे घातले की ती ओढाताण बरीचशी दोन मोज्यांमध्येच होते. यामुळे बुटात जागा कमी होते हे खरे, पण आता ती उपलब्ध होती. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत दोन्ही टाचांवर आणि डाव्या करंगळीवर साधी कागदी चिकटपट्टी आधीच लावण्यास सांगितले. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा पट्टीने फोडांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. पट्टी फोड आल्यावर नव्हे तर आधी लावायची, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

20 मे रोजी तिने बूट नेले. पहिले तीन दिवस संध्याकाळी घरातच एक तास, मग वाडीतून एक किलोमीटर, मग तीन, मग पाठीवर भरलेली पिशवी घेऊन पाच, आणि लागोपाठ दोन दिवस नाही, असा क्रम ठरवून दिला. कातडे पायाचा घाम शोषते आणि तो बाहेर पडायला साधारण एक दिवस लागतो. तो दिला नाही तर दमट कातडे चालताना हवे तसे नव्हे, वाटेल तसे पसरते. तिने एक दिवस उडी घेऊन थेट सहा किलोमीटर चालण्याचा प्रयत्न केला आणि डाव्या करंगळीवर लाल वण घेऊन फोनवर तक्रार केली. नाडी खालपासून घट्ट ओढली होती, असे चौकशीत निघाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली पूर्ण गस्त झाली, सुमारे आठ किलोमीटर. फोड आला नाही. उतारावर अंगठा टोकाला लागला नाही, टाच थोडी हलली पण घासली नाही. पुढे पाऊस लागला. कोयनेच्या पाणलोटात पाऊस लागला की बूट वाळणे ही कल्पनाच उरत नाही, आणि मोज्यांवरून चढणाऱ्या जळवा वेगळ्याच. जुलैमध्ये ती आली तेव्हा दोन्ही बूट पाण्याने जड झालेले होते. चुलीजवळ ठेवायचे नाहीत एवढे तिने पाळले होते. कागद भरून, तो दिवसातून दोनदा बदलून, वारा खेळेल अशा जागी आडवे ठेवून ते वाळवायचे, आणि पुरते वाळल्यावर बुटाच्या क्रीमचा पातळ हात द्यायचा, हे तिला समजावले. भिजून-वाळून चवडा आणखी दीड-दोन मिलिमीटर सैल झाला होता, म्हणून तिने आतला मोजा थोडा जाड घेतला आणि तेवढ्याने भागले.

डाव्या टाचेवरची चुलीची भेग मात्र पावसात वाढत गेली. ऑगस्टमध्ये तिथे आतून पातळ कातड्याचे ठिगळ लावून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा उसवले. दुसऱ्यांदा शिवताना ठिगळाची कड टाचेला लागू नये म्हणून ती रापीने तासून कागदाइतकी पातळ केली. त्या वेळी दोन्ही बुटांचा घेर पुन्हा मोजला. डावा मूळ मापापेक्षा सहा मिलिमीटर जास्त होता, उजवा चार. तळ दोन्ही पायांचा बाहेरच्या कडेला झिजला होता आणि डाव्याच्या टाचेला रबराचा नवा तुकडा ठोकून दिला.